लाल दगडांच्या आतला कापूस

अर्धं तळं मागे पडलं तेव्हा नौमानने मला तिसऱ्यांदा विचारलं, "बाई, बसता का जराशा?" आणि मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं. बसले असते तर बोलावं लागलं असतं. ज्यासाठी त्याला सोबत घेऊन निघाले होते, ते काही केल्या तोंडावाटे निघत नव्हतं.

२०१८ सालची चैत्री पौर्णिमा होती. दर पौर्णिमेला मी लोणारच्या धारेवरून, म्हणजे तळ्यावरच्या झऱ्यापासून, खाली उतरते आणि तळ्याच्या काठाकाठाने कमळजादेवीला जाते. नोकरीत होते तेव्हा रजा टाकून जायची, आता पेन्शनीत रजा कोणाकडे टाकायची! गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मात्र सोबतीला कोणीतरी लागतं. त्या दिवशी नौमान होता. पाणी, नारळ आणि माझी चप्पल अशी तिन्ही ओझी त्याच्याकडे. चप्पल यासाठी की देवीच्या वाटेवर मी अनवाणीच चालते. तो पुढे होऊन बाभळीचे काटे पायाने बाजूला सारत होता आणि मागे वळून मी ठीक आहे ना ते बघत होता.

आदल्या दिवशी दुपारी त्याची आई, जहांआरा, माझ्याकडे आली होती. ओट्यावर बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बाई, तो फिर चालला. शुक्रवारी."

"कुठे?"

"तिथंच. अफगाणिस्तानात. मी रडून पाह्यलं, बोलणं सोडून पाह्यलं. मेरा तो सुनताच नई. तुमच्या हाताखाली शिकला, तुमचं आयकते. उद्या तुमच्या देवीपुढं त्याच्याकून वचन घ्या. म्हना, आता नाही जाणार."

"जहांआरा, माझ्या देवीपुढचं वचन त्याला कसं चालेल?"

"त्याले चालंन. मलेही चालते. कोनाचंही चालते मले आता."

मी हो म्हणाले. अशा वेळी नाही कसं म्हणणार.

नौमान पहिली ते चौथी माझ्या वर्गात होता. आमची जिल्हा परिषदेची मराठी शाळा. गावात उर्दू शाळा असताना त्याचे वडील रहेमतुल्ला त्याला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आले होते. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, मी गाद्या मराठीत इकतो. मंग पोरगं मराठीत काऊन नाही शिकनार?" ते पिंजारी. कापूस पिंजायची कमान खांद्यावर टाकून गल्लीगल्लीने फिरायचे. कमानीच्या तारेवर लाकडी मुठीचा ठोका बसला की लहान पोरं अभ्यास सोडून ओट्यावर धावायची. माझ्या लेकीच्या, रेवतीच्या लग्नातल्या दोन्ही गाद्या त्यांनीच भरल्या. कापूस पिंजून झाला की तो मुठीत दाबून सोडायचे आणि म्हणायचे, "पाहा, कशी झोपेतून उठते बाई ही रुई!"

पुढे फोमच्या गाद्या आल्या आणि रहेमतुल्लांची कमान खुंटीला लागली. वावरांतही सगळं बदललं. बीटी आली. देशी कापसाचं बी शोधूनही मिळेना. दुकानदार सांगायचे, आता अळी नाही, फवारणी नाही. पाच-सात वर्षं लोकांनी ते खरंही पाहिलं. मग अळी परत आली, बोंडाच्या आत शिरून बसणारी, गुलाबी. फवारणी दुपटीने वाढली. ज्यांचा धंदा गेला होता असे लोक पाठीवर पंप बांधून रोजाने फवारायला जायला लागले. त्यांत रहेमतुल्लाही होते. २०१७ च्या भाद्रपदात पऱ्हाटी, कापसाची झाडं, डोक्याच्या वर गेलेली, औषध वरून अंगावर पडायचं. तोंडाला नुसता रुमाल. तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि चौथ्या दिवशी ते गेले.

नौमान तेव्हा अफगाणिस्तानात होता. तो पोचेपर्यंत मातीला तीन दिवस होऊन गेले होते.

आता हा मुलगा तिथे कसा गेला ते सांगते. आयटीआय करून तो मेहकरकडे एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर लागला. जिनिंगचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बंद पडतं. उरलेले महिने तो लोणारला तळं बघायला येणाऱ्यांना फिरवायचा. परदेशी माणसं यायची. पाठीवर हे एवढं बोचकं आणि पायात धुळीने माखलेले बूट. त्यांतली एक म्हातारी बाई जाताना आपली पाठपिशवी त्याला देऊन गेली. म्हणाली, माझं फिरणं झालं, आता तू फिर. गावाने हसून घेतलं. यानं खरंच मनावर घेतलं.

पहिल्यांदा गेला तो बगदादला. जहांआरा दरवर्षी ग्यारवी करते, आमच्याकडेही जर्दा, तो केशरी गोड भात, पाठवते. ज्यांच्या नावाने ती ग्यारवी करते त्या पिरांची कबर तिथे आहे. म्हणून त्या वेळी तिने रडून का होईना, जाऊ दिलं. परत आला तेव्हा मी विचारलं, "काय पाहिलंस?"

"वाट पाह्यली, बाई."

"म्हणजे?"

"जिथं जा तिथं तपासनीचं नाकं. बंदूकवाला कागद मागते, मंग बसवते. दोन घंटे, चार घंटे. लोकाइले वाटते तिथं सारखी भीती वाटत असन. भीती थोडी वाटते, कंटाळा लय येते. अन् कंटाळला मानूस चुकते, म्हनून कंटाळ्याचीच भीती."

त्याने आपले नियम मला सांगितले होते. सात किलोच्या वर सामान नाही. तिथल्याच बाजारातले जुने कपडे घालायचे. कागदांच्या झेरॉक्स बुटाच्या तळव्याखाली. उद्या कुठल्या रस्त्याने जाणार हे आज कोणालाच सांगायचं नाही, ज्याच्या घरी उतरलो त्यालाही नाही. दिवस मावळायच्या आत छताखाली. आणि पडक्या घरापुढे उभं राहून फोटो काढायचा नाही. याचा त्याला फार राग. "बाई, काही जन नुसते त्याच्यासाठीच येतात. जळक्या रणगाड्यावर चढतात अन् हसतात. खाली त्या घरची बाई उभी असते."

आणि परत आल्यावर घरचं सगळं वेगळंच. नाव नौमान मन्सुरी आणि पासपोर्टवर तसले शिक्के. दर वेळी विमानतळावर त्याला बाजूला बसवून घेत. गावी हवालदार येऊन चहा पिऊन जात, पुन्हा पुन्हा तेच विचारत. एकदा मी शाळेच्या जुन्या कागदावर लिहून दिलं, की हा मुलगा सहा वर्षांचा असल्यापासून मी त्याला ओळखते, याने कधी कोणाचं खोडरबरसुद्धा चोरलेलं नाही. हवालदार ते वाचून हसले. पण कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

तर त्या पौर्णिमेला पाण्याचा उग्र वास येऊ लागला आणि देवळाचं शिखर झाडीतून दिसायला लागलं, तेव्हा मी एकदम म्हणून टाकलं, "नौमान, यंदा जाऊ नकोस."

तो थांबला नाही. काटा सारून म्हणाला, "अम्मी आली होती ना काल?"

"आली होती. तिचा धनी गेल्याला वर्षसुद्धा झालेलं नाही. तुला काही झालं तर ती कोणाकडे बघेल?"

"बाई, अब्बा कुठं गेले होते? बगदादला?"

 आपण लागेल असं बोललो हे त्याचं त्यालाच कळलं. "माफ करा," म्हणाला. पुढे चार पावलं गेला, आणि मग त्याने मला जे सांगितलं ते आईलाही सांगितलं नव्हतं.

अफगाणिस्तानच्या उत्तरेला कापूस होतो. दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा गेला तेव्हा तिथल्या एका बाजारात त्याच्या कानावर ठोका आला. तार आणि मूठ. तो धावतच गेला म्हणे. एक म्हातारा दुकानात बसून कापूस पिंजत होता. तीच कमान, तशीच तार. यानं कमानीकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. म्हाताऱ्याने काही न विचारता मूठ याच्या हातात दिली. याने ठोका मारला, आणि म्हातारा उठून याच्या गळ्यात पडला. त्या चाचांकडे तो महिनाभर राहिला. दिवसभर गाद्या भरायच्या, रात्री त्यांतल्याच एकीवर झोपायचं.

"एक दिवस चाचासंगं खेड्यात कापूस आनाले गेलो. चाचा भाव करत बसले. मी आपला वावराच्या कडंनं फिरत होतो. तर काय, एका कोपऱ्यात पऱ्हाटी नुसती फुटून लोंबून राह्यली होती! पांढरीशुभ्र. कोनी येचलीच नाही. बाजूच्या ओळीतला येचलेला अन् एवढा तुकडा सोडलेला. मले पाहावलं नाही, बाई. तुमाले माहीत आहे, अम्मी येचनीले जायची. एक बोंड झाडावर राह्यलं तर ती माघारी फिरायची."

"मग?"

"अन् त्या तुकड्याच्या कडंनं लाल रंगवलेले दगड होते. लायनीनं."

मी म्हटलं, "शेंदूर?"

"पाहा, तुमालेही तेच वाटलं!" तो पहिल्यांदा हसला. "मलेही तेच वाटलं. आपल्याकडं वावरात नसतात का देवाचे दगड, शेंदूर लावलेले? येचनीच्या पह्यल्या दिवशी सीतादही करतात तवा बाया त्याइच्यापुढंच दहीभात ठेवतात. अम्मीही मंग तोच भात खायची अन् मंगच येचाले हात लावायची. मले वाटलं, यायच्या इथंही कोन्या जुन्या काळातलं राह्यलं असन. मी बूट काढले. दगडाले सलाम केला. अन् आत गेलो."

माझ्या पायाखालची वाट मला एकाएकी दिसेनाशी झाली. मी उभी राहिले.

"लाल दगड म्हंजे आत सुरुंग आहे," तो म्हणाला. "साफ केलेल्या जागेले पांढरा लावतात. पुरात वरून सुरुंग वाहून आले होते, म्हनून त्यायनं पेरलेला तुकडा तसाच सोडला होता. मी दहा-बारा पावलं आत गेलो. सदऱ्याच्या वटीत दोन मुठी कापूस. तवा चाचाची हाक आयकू आली. असा आवाज मी त्याइचा कधी आयकला नव्हता."

चाचा दगडांपर्यंत धावत आले आणि तिथे खाली बसले. हाताने खूण केली, हलू नको. सुरुंग काढणाऱ्यांना निरोप गेला. त्यांना येऊन त्याला बाहेर काढायला दोन तास लागले. दोन तास हा मुलगा अनवाणी, पऱ्हाटीच्या मध्ये, ओटीत कापूस घेऊन उभा.

"पाय थरथराले लागले, बाई. डोळ्यापुढं अंधारी. बसलो असतो तर कुठं बसलो असतो? तर चाचा मले शिकवाले लागले. दगडाच्या पलीकडून कमानीचं, तारेचं, मुठीचं त्याइच्या भाषेत नाव घेत, अन् मले म्हनाले लावत. मी चुकलो की रागावत. मंग माझ्या भाषेतलं मले विचारत. तुम्ही पाढे म्हनून घ्यायच्या ना, तसं. मी उभा अन् ते समोर बसलेले. दोन घंटे त्याइनं मले खाली पडू देल्लं नाही."

"जहांआराला हे माहीत नाही?"

"तिले काय सांगू? का देवाचा दगड समजून मी आत गेलो?" तो पुन्हा हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. "चाचाचा उजवा हात गेला, बाई. यंदाच्या हिवाळ्यात. बाजारात स्फोट झाला, ते दुकानातच होते. आता तिथं लग्नाचा मोसम आहे. लोकाइचा कापूस दुकानात येऊन पडला, पोरीच्या गाद्या भराच्या राह्यल्या. फोन आला. त्याइनं ये म्हटलं नाही. नुसतं म्हनले, कमान खुंटीले लावली." त्याने माझी चप्पल या हातातून त्या हातात घेतली. "अब्बाची लावली तवा मी काही केलं नाही. दोन महिने. तेवढा कापूस भरून देतो अन् येतो."

आम्ही देवळापाशी आलो होतो. बाहेर उकंडराव नारळ-उदबत्ती घेऊन बसतात, तोंडाचे फटकळ. त्यांनी नौमानला पाहिलं आणि सुरू झाले.

"काय बे, अजून जिता आहेस?"

"तुमच्या आधी जात नाही, उकंडराव. तुमचाच नंबर पह्यला."

"आता कोन्या देशात लढाई पाहाले चालला? बाई, याले धारेवरच्या खांबाले बांधा. तिकिटाचे पैसेही वाचतीन."

"अन् मंग तुमचे हे सडके नारळ कोन घेईन?"

"सडके? अबे, फोडून पाह्य!"

"फोडाले तोफ लागंन."

उकंडराव पोट धरून हसले. आणि हसता हसताच नौमानच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "नको जाऊ रे पोरा. तुह्या बापानं मह्या मायची शेवटची गादी भरली होती."

मी आत गेले. नौमान बाहेर पायरीवर बसला, माझी चप्पल शेजारी ठेवून. मनात मी सगळं ठरवलं होतं. त्याला आत बोलवायचं, नारळावर हात ठेवायला लावायचा आणि वचन घ्यायचं. तो नाही म्हणाला नसता. माझा शब्द त्याने कधी मोडलेला नाही, आणि म्हणूनच जहांआराने मला धाडलं होतं. हे मला पक्कं माहीत होतं, तो थांबला असता.

देवीच्या पुढे मी बराच वेळ हात जोडून उभी राहिले. एरवी माझं मागणं ठरलेलं असतं, घरच्यांची नावं घेते आणि निघते. त्या दिवशी जहांआराचा चेहरा समोर येत होता आणि त्याच्या मागून, मी कधीही न पाहिलेला, दगडाच्या पलीकडे मातीत बसलेला एक म्हातारा येत होता. त्या परक्या मुलखात नौमान त्याचा कोण लागत होता? ज्या माणसाने आमच्या या मुलाला दोन तास पडू न देता उभं ठेवलं, त्याच्याकडे जाऊ नको असं मी देवीच्या तोंडून कसं वदवणार? मी नारळ वाढवला. नौमानला आत बोलावलं नाही.

बाहेर येऊन त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्याने तो कपाळाला लावून तोंडात टाकला.

"वचन नाही घेत मी," मी म्हटलं. "पण आईला तू स्वतः सांगायचं. सगळं. दगडाचंसुद्धा. काय ती चिडायची ती तिला चिडू दे."

"आज सांगतो."

"आणि पोचल्याचा फोन."

"दर जुम्म्याले. नाकं लागलं अन् जुम्मा चुकला तर शनवारी. शनवारही चुकला तर घाबरू नका, तिथं लाईन जाते."

"घाबरेन," मी म्हटलं. "ते माझं मी बघते. तू फोन कर."

मी खाली बसून चप्पल घालत होते. परतीच्या वाटेला घालते मी. पट्टा बसत नव्हता म्हणून तो पुढे वाकला, आणि वर न बघताच बोलायला लागला. मोठा माणूस काही मागायचं असलं की शाळेतल्या पोरासारखा खालीच बघतो.

"बाई, एक मागनं होतं. तिथल्या प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असते. काही बरंवाईट झालं तर कोनाले कळवाचं, नाव अन् फोन नंबर. आजवर अब्बाचं लिहीत होतो. परवा फॉर्म भराले बसलो अन् हात तिथंच थांबला. अम्मीचं नाही लिहू शकत. ती घरात एकटी असते. फोनवर कोन काय बोलते हे तिले समजनार नाही, अन् समजलं तर ती तिथंच पडंन, उचलाले कोनी नाही."

 पट्टा त्याने बसवला होता, तरी हात तिथेच होता.

"तुमचं नाव लिहू का? अन् तसा फोन आला तर लगेच नका जाऊ, बाई. तिची असरची, तिसऱ्या पाहराची नमाज होऊ द्या, मंग जा. आत जाऊन तिच्याजवळ बसा अन् मंग सांगा. तिले उभ्यानं नका सांगू."